डाग आणि आच

दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे घराची झडतीच असते. वर्षभर जे जे झाकून ठेवले, ते ते आठ दिवसांत उघड्यावर येते. आमच्याकडे यंदा बैठकीच्या खोलीतली तिवई उचलली आणि तिच्याखालचा गालिच्यावरचा तांबडा डाग पुन्हा आमच्याकडे टवकारून पाहू लागला. मागल्या भाऊबीजेला पाहुण्यांच्या एका गोजिरवाण्या मुलाने तिथे सरबताचा पेला उपडा केला होता. "राहू द्या हो, लहान आहे," असे आम्ही हसून म्हटले होते. आणि पाहुणे जिना उतरताच साबण, लिंबू, खायचा सोडा, दात घासायची पेस्ट, जे हाताला लागेल ते त्या डागावर चोळले होते. डाग काही हलला नाही. शेवटी तिवई हलवली.

यंदा माझा भाचा दिवाळीला चार दिवस आधी आला. तो पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात साफसफाईच्या खात्यावर आहे. आमच्या घरात त्याच्या नोकरीबद्दल अजून थोडे दबक्या आवाजातच बोलले जाते. पण त्या डागासमोर उकिडवा बसलेला तो पाहिला आणि मला आमच्या गावच्या वैद्यांची आठवण झाली. आधी त्याने डागाला हात लावला नाही. नुसते विचारले, "मावशी, ह्याला कुणी गरम पाणी नाही ना लावलं?"

"छे, छे!" मी म्हटले. जरा जास्तच घाईने म्हटले.

मग त्याने पिशवीतून एक बाटली काढली, एक जुने पांढरे फडके मागितले आणि इस्त्री तापत ठेवायला सांगितली. गालिच्याच्या एका कोपऱ्यात, कपाटामागे, आधी दोन थेंब टाकून पाहिले. मग डागावर तो पाण्यासारखा द्रव शिंपडला. फटाक्यांच्या दारूसारखा उग्र वास सुटला, तेव्हा त्याने खिडक्या उघडायला लावल्या. फडके ओले करून डागावर पसरले आणि त्यावरून इस्त्री, फार तापलेली नव्हे, बेताची, अशी दहा-दहा सेकंद टेकवीत नेली. वाफ उठली. फडके उचलून पाहतो तो त्याच्या खालच्या अंगाला गुलाबी छटा! फडक्याची घडी बदलून पुन्हा तेच. दहा-पंधरा मिनिटांत वर्षभराचा डाग थोडा विरून गेला आणि उरला तो फडक्यावर चढला.

"हे औषध गारही काम करतं," भाचा म्हणाला, "पण फार आळशी. त्याला आच लागते."

सासूबाई पलंगावर वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे परिटाची भट्टीच की रे ही. फक्त बाटलीत भरलेली."

सगळे हसले. मीही हसले; पण परिटाच्या भट्टीचे नाव निघाले की माझ्या मनात एक जुना काटा हलतो. त्याचे कारण पुढे येईलच. त्या रात्री मात्र मला वाटू लागले की सासूबाई सहज बोलून गेल्या ते खरेच आहे. माणसाने डागाशी जे जे युद्ध केले, त्यात द्रव्ये बदलली, भांडी बदलली, आच मात्र फारशी सुटली नाही. मी शाळेत मराठी शिकवते. माझे रसायनशास्त्र शालान्त परीक्षेपुरतेच. तेव्हा जे सांगते ते गोष्टीसारखे सांगते.

पहिली गोष्ट अशी की मळ वेगळा आणि डाग वेगळा. मळ धाग्यावर बसतो. डाग धाग्यात शिरतो. मळाला साबण पुरतो, कारण त्याला फक्त उचलायचे असते. डागाशी झगडा असतो तो रंगाशी. आणि आमच्या गालिच्यावरच्या सरबताचा रंग काही फळाचा नव्हता, कारखान्याचा होता. त्याचे घराणे १८५६ सालापासूनचे. त्या वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा घरच्या प्रयोगशाळेत डांबरापासून कोयनेल करायला बसला. कोयनेल झाले नाही, भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरला. पण त्या गाळातून जांभळा रंग निघाला. तिथून डांबरी रंगांचा जो वंश वाढला, त्याच्याच एका शाखेतले काही रंग आज मिठाईत आणि सरबतात पडतात. आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ लोकर, रेशीम व नायलॉन रंगवायला वापरतात. आमचा गालिचा नायलॉनचा. म्हणजे त्या मुलाने गालिचा डागाळला नव्हता. तेवढ्या जागी तो रीतसर रंगवला होता! साबणाने तो निघावा कसा?

असा रंग घालवायचे दोन मार्ग आहेत. रंगाच्या कणाची जी विशिष्ट जुळणी डोळ्याला तांबडी किंवा पिवळी दिसते, ती मोडायची. एक तर तिच्यावर प्राणवायू सोडून, नाही तर उलट रीतीने, तिला गंधकाच्या कुळातल्या क्षारांच्या तावडीत देऊन. भाच्याच्या बाटलीत दुसऱ्या जातीचा क्षार होता, आणि तो उग्र वास त्याचाच. आता हा बाटलीतला गंधक आधुनिक म्हणावा, तर तो किती जुना!

इटलीतले पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ते उकरून काढले तेव्हा त्यात परिटांचे कारखानेही सापडले: दगडी हौद, कपडे तुडवायच्या जागा, सारे काही. एका कारखान्याच्या खांबावर त्यांच्या कामाची चित्रे होती. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. त्यांतल्या एका चित्रात एक माणूस वेताचा मोठा पिंजरा खांद्यावर घेऊन चालला आहे आणि हातात एक भांडे आहे. कोंबड्यांचा खुराडा वाटावा असा तो पिंजरा. पण त्याचे काम निराळे. त्याच्यावर ओले लोकरी कापड पसरायचे आणि खाली भांड्यात गंधक पेटवायचा. गंधकाच्या धुराने लोकरीचा पिवळेपणा जातो. हा धूर आणि बाटलीतला क्षार यांचे नाते सख्खे आहे. त्या क्षारावर आम्ल पडले तर तोच धूर बाहेर येतो. लोकरीला हाच उपाय सोसतो, हे त्या परिटांनी कुठल्याही पुस्तकावाचून ओळखले होते.

या पिंजऱ्याची एक गंमत दुसऱ्या शतकातल्या अपुलेयस नावाच्या लेखकाच्या ‘सोन्याचे गाढव’ या कादंबरीत आहे. परिटाच्या बायकोकडे एक चोरटा पाहुणा आलेला असतो. नवरा अवेळी परततो, तशी ती पाहुण्याला ह्याच पिंजऱ्याखाली दडवते. वर कापड, आत गंधकाचा धूर! बिचारा शिंकू लागतो. नवऱ्याला वाटते बायकोच शिंकते आहे, म्हणून तो चांगले चिंततो; पण शिंका काही थांबेनात, तेव्हा पिंजरा उचलला जातो. कादंबरीकाराला धंद्याची माहिती असली म्हणजे अशी बरी युक्ती सुचते. मी मनातल्या मनात नोंद करून ठेवली.

रोमच्या परिटांचे दुसरे द्रव्य ऐकून सणासुदीला नाक मुरडू नये. ते होते शिळे मूत्र. त्यात अमोनिया तयार होतो आणि तो मेण-तेलाला कापतो. व्हेस्पेशियन बादशहाने (राज्यकाल ६९ ते ७९) त्यावरही कर बसवला. मुलाने तक्रार केली तेव्हा त्या कराचे नाणे त्याच्या नाकाशी धरून, वास येतो का, असे विचारले म्हणतात.

आपल्याकडच्या परिटाने हे काम अधिक स्वच्छ रीतीने केले, असे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. त्याचे द्रव्य पापडखार, सोडा, किंवा उत्तरेकडे ‘रेह’ म्हणतात ती खारी माती. तिन्हींचा जीव एकच. त्या पाण्यात कपडे भिजवून, पिळून, मोठ्या चुलाणावरच्या भांड्याभोवती आणि तोंडावर ते गोल रचायचे, खालून जाळ घालायचा, आणि रात्रभर त्यांतून वाफ चढू द्यायची. तीच भट्टी. ह्यात कपडे उकळत नाहीत. वाफ धाग्याधाग्यातून जाते. आच आणि खार एकत्र आले की कपड्यावरच्या तेला-तुपाचाच साबण होतो. म्हणजे मळच आपल्याला धुऊन काढतो! सकाळी ते गाठोडे गाढवावर घालून नदीवर न्यायचे, दगडावर आपटायचे आणि गवतावर उन्हात पसरायचे. ओलावा आणि ऊन मिळून उरलेल्या पिवळेपणाचा समाचार घेत. हळदीचा डाग तर ऊनच खाते. त्याला साबण लावला की तो लाल होतो आणि घरातली नवी सून घाबरते. वास्तविक खार लागला की हळदीने लाल व्हावे हा तिचा स्वभाव. उन्हात टाकला की दोन दिवसांत फिका पडतो.

हा खार येई कुठून? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर पुष्कळांनी पाहिले असेल. आकाशातून पडलेल्या उल्केने झालेल्या त्या विवरातले पाणी सोड्याचे आहे. उन्हाळ्यात ते आटे आणि काठावर खार बसे. तो गोळा करणारे लोक त्याच्या प्रती नावाने ओळखीत: डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त ह्या मुलखाविषयी लिहिताना, काच आणि साबण करायला लागणारे सारे इथे मिळते, असे नमूद केले आहे. सोळाव्या शतकातल्या दिल्ली-आग्ऱ्याच्या कारभाऱ्याला विदर्भातला धुण्याचा खार ठाऊक होता. आपल्यापैकी कितीजणांना आज ठाऊक आहे?

आणि परीट नुसता डाग काढीत नसे, घालीतही असे! दहा घरांचे कपडे एका भट्टीत जात. ओळखायचे कसे? तर बिब्ब्याच्या रसाने प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बारीक खूण करायची आणि तिला चुना लावायचा. ती काळी खूण ना खाराने जात, ना आचेने, ना उन्हाने. कपडा फाटून पायपुसणे झाले तरी खूण शाबूत. इंग्रजांनी तर बिब्ब्याला ‘खुणेचे फळ’ असेच नाव दिले. सगळे डाग घालवणाऱ्या माणसाजवळ न जाणारा एक डाग असावा, ह्याची मला फार मौज वाटते. मुंबईत महालक्ष्मीला १८९० साली बांधलेला धोबीघाट आहे. तिथल्या त्या दगडी हौदांच्या रांगांत इतक्या घरांचे कपडे मिसळून पुन्हा आपापल्या घरी जात, ते अशाच खुणांच्या जोरावर.

युरोपात भट्टीच्या जोडीला कुरणे होती. हॉलंडमधल्या हार्लेम गावाजवळ तागाचे कापड राखेच्या ऊन पाण्यात भिजवायचे, गवतावर पसरायचे, आंबट ताकात बुडवायचे, पुन्हा पसरायचे; असे महिनोन् महिने चाले. स्कॉटलंडचे कापड वसंतात हार्लेमला जाई ते शरदात परत येई. १७५६ साली फ्रान्सिस होम नावाच्या डॉक्टराने ताकाऐवजी पाणी घातलेले गंधकाम्ल वापरायला सांगितले, तेव्हा काही आठवडे वाचले. ताक तरी लोकांना प्यायला उरले असेल!

खरी क्रांती मात्र एका औषधविक्याच्या हातून झाली. कार्ल शेले ह्या स्वीडिश गृहस्थाने १७७४ साली एक हिरवट, घसा जाळणारा वायू काढला आणि त्याने पानाफुलांचे रंग उडतात हे पाहिले. तो क्लोरीन. १७८५ मध्ये फ्रान्सच्या बर्थोलेने त्याने कापड पांढरे करून दाखवले. ह्या बर्थोलेची नोकरी कसली, तर पॅरिसच्या गोबलँ ह्या राजाच्या चित्रविणकामाच्या कारखान्यातल्या रंगखात्याची देखरेख. ज्याने रंग राखायचे त्यानेच रंग मारायचे औषध शोधले! वाफेच्या यंत्राचे जेम्स वॉट पॅरिसला गेले होते. ते बर्थोलेकडून ही विद्या घेऊन आले आणि त्यांनी ती ग्लासगोजवळच्या आपल्या सासऱ्यांना कळवली, कारण सासऱ्यांचा धंदा कापड पांढरे करण्याचा होता. असे जावई सर्वांना मिळोत. पुढे १७९९ साली ग्लासगोच्याच चार्ल्स टेनंटने त्या वायूची पूड करण्याचा हक्क घेतला. आज आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर हीच.

ह्याच काळात फ्रान्समध्ये निकोला लब्लाँने मिठापासून सोडा काढला आणि १७९१ साली त्याचा हक्क मिळवला. त्याचा आश्रयदाता ऑर्लियन्सचा सरदार क्रांतीत १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेला, कारखाना जप्त झाला, आणि विपन्न लब्लाँने १८०६ साली आत्महत्या केली. घराघरांतल्या धुण्याच्या सोड्यामागे हा एक माणूस उभा आहे. आपल्याकडे गुजरातेत मिठापूरला टाटांचा सोड्याचा कारखाना १९३९ साली उभा राहिला, आणि लोणारच्या काठावरच्या खाराचे दिवस संपत आले.

क्लोरीनला आचेची गरज नव्हती. पण माझ्या मते तीच त्याची खोड. तो वाट पाहत नाही. डाग, रंग, धागा, जे समोर येईल त्यावर तुटून पडतो. लोकर आणि रेशीम तर त्याच्यापुढे विरघळतात. त्यापेक्षा सभ्य औषध हवे होते; सांगितल्यावर काम करणारे, तोवर गप्प बसणारे. ते तेनार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१८ मध्ये काढलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वंशात निघाले. तेनारच्या औषधाची एक करामत मोठी गोड आहे. जुन्या चित्रांतला शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकामुळे काळा पडतो. राफाएलच्या एका रेखाचित्रावरचे असे काळे डाग त्याच्या औषधाने पुन्हा पांढरे झाले, आणि कागदाला धक्का लागला नाही.

हाच पेरॉक्साइड क्षारात कोंडून त्याची पूड करता येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. मग १९०७ सालच्या जून महिन्यात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या हेन्केल कंपनीने ‘पर्सिल’ ही धुण्याची पूड बाजारात आणली. परबोरेटमधला ‘पर’ आणि सिलिकेटमधला ‘सिल’ असे तिचे नाव. जाहिरातीत तिला ‘आपोआप काम करणारी’ म्हटले होते; घासू नका, गवतावर पसरू नका, पाव ते अर्धा तास उकळा, की झाले. आपोआप म्हणजे काय, तर कोंडलेला प्राणवायू थंड पाण्यात जवळजवळ निजून असे आणि साठ अंशांच्या वर गेला की जागा होई. आचेने जागी होणारी डागांची औषधे म्हणतात त्यांची ही आजीबाई. कुरणावर वाकून दिवस घालवणाऱ्या किती बायकांची पाठ तिने वाचवली असेल! आज परबोरेटची जागा बहुतेक परकार्बोनेटने घेतली आहे. तो म्हणजे धुण्याचा सोडा आणि पेरॉक्साइड ह्यांची सांगड, आणि त्याला चाळीस अंशांची ऊबही पुरते. सुती चादरीवरचा चहाचा, पानाचा, आमटीचा डाग असेल तर हे औषध ऊन पाण्यात कालवून तासभर बुडवून ठेवावे. लोणारचा खार पुन्हा घरी आला असे मी तरी समजते.

आचेने हे सारे का होते? स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८८९ साली त्याचा हिशेब मांडला. कणांना एकमेकांशी भिडायला एक उंबरठा ओलांडावा लागतो; जितकी ऊब जास्त तितके अधिक कण तो ओलांडतात. ढोबळ ठोकताळा असा की दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो. तीस अंशांचे पाणी साठवर नेले तर आठपट. वाफेपर्यंत नेले तर शंभराहून अधिक पट. परिटाची एक रात्र आणि इस्त्रीची दहा सेकंदे ह्यांत एवढाच फरक.

पण आच ही दुधारी असते. डाग काढणाऱ्या औषधाला ती जशी जागे करते तशी डागालाही घट्ट करते. अंडे उकडले की पुन्हा पातळ होत नाही, रक्ताचेही तेच. रक्ताच्या डागावर ऊन पाणी ओतणे म्हणजे त्याला कपड्यात शिजवणे. १९१३ साली ऑटो रोम ह्या जर्मन शास्त्रज्ञाने पाचकरसांनी असे डाग पचवायची युक्ती काढली, आणि आज साबणाच्या पुड्यांत तसले रस असतात. पण ते स्वतःच फार उष्णता सोसत नाहीत. दूध आणि साखर असलेल्या डागावर तापलेली इस्त्री फिरवली तर दोघांच्या संगतीने तांबूस-तपकिरी रंग तयार होतो, पावाच्या कडेसारखा. म्हणून आधी गार पाणी, मग औषध, आणि आच सर्वांत शेवटी. भाच्याने पहिला प्रश्न तो का विचारला, हे आता ध्यानात येईल.

गालिच्याच्या बाबतीत आणखी जपावे लागते. लोकरीचा असेल तर कढत सोड्याच्या पाण्याने तो गोळा होतो आणि झिजतो. त्याला रिठाच बरा. नायलॉनवर फार तापलेली इस्त्री ठेवली तर तो वितळतो, तो डाग कोण काढणार? प्राणवायूचे औषध आणि गंधकाचे औषध एकामागोमाग एक ओतू नये. ती एकमेकांनाच मारतात आणि कधी तापतात. ब्लीच तर कुठल्याही आम्लात किंवा अमोनियात चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. दम्याच्या माणसाला गंधकाच्या वासापासून दूर बसवावे. आमच्या गालिच्याचे म्हणाल, तर डाग गेला. पण उन्हाच्या तिरिपेत पाहिले की त्या जागी गालिच्याचा स्वतःचा रंगही किंचित उतरलेला दिसतो. भाचा म्हणाला, "एवढं द्यावं लागतं, मावशी." तिवई आम्ही तिथेच ठेवली आहे.

आता तो काटा.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. १९९०च्या सुमाराची गोष्ट. आमच्या गावी तेव्हाही परीट घरोघर जाऊन कपडे नेत असे. आम्ही मुले त्याला परीटमामा म्हणत असू. ओढ्याकाठी त्याची भट्टी होती. लक्ष्मीपूजनाला नेसायचे आजोबांचे पांढरे धोतर बाकावर घडी करून ठेवले होते, आणि कोजागरीच्या रात्री केशरी दुधाचा पेला नेताना माझा पाय अडखळून ते दूध त्याच्यावर सांडले. कुणी पाहिले नव्हते. आजोबा तापट. मी बंबातले कढत पाणी काढले, ते डागावर ओतले, खसाखसा चोळले, आणि ओले दिसू नये म्हणून कोळशाच्या इस्त्रीने ते वाळवले. जितकी इस्त्री फिरवली तितका डाग गडद होत गेला. तेव्हा मी धोतराची घडी उलटी केली आणि परिटाच्या गाठोड्यात खाली घातली.

वसुबारसेच्या दिवशी तो कपडे घेऊन आला. आजोबांनी धोतर उलगडले. तळहाताएवढा तपकिरी डाग.

"हे काय केलंस रे?" आजोबा कडाडले.

परीटमामाने धोतर हातात घेतले. डाग अंगठा आणि बोटात धरून चोळला, नाकाशी नेला. मग म्हणाला, "आबा, ह्याला माझ्या भट्टीच्या आधीच आच लागलीया. कच्चा असता तर मी काढला असता."

"तुझ्या भट्टीत जळालं आणि मलाच शिकवतोस?"

तो पुढे काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले की नाही, हे मला सांगता येणार नाही, कारण मी खाली पाहत होते. आजोबांनी त्या वर्षी त्याचे दिवाळीचे पोस्त कापले आणि ते धोतर त्याच्या अंगावर टाकून म्हटले, "घेऊन जा, तुलाच राहू दे." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही; त्या दिवशीही नाही आणि आजोबा गेले तोवरही नाही. ओढ्याकाठची भट्टी पुढे पाच-सात वर्षांत बंद झाली. परीटमामाचा मुलगा आता तालुक्याला इस्त्रीचे दुकान चालवतो.

पाडव्याला परीटमामा नेहमीप्रमाणे फराळाला आला. ते धोतर तो नेसून आला होता. स्वच्छ धुतलेले, निळीचे, खळ दिलेले. मी ओसरीवरून कितीतरी वेळ पाहत होते, पण डाग कुठे दिसला नाही. त्याने तो निऱ्यांच्या आत घेतला होता.